मोहगाव ते नागपूर : महामारी, कर्करोग आणि थकलेले डॉक्टर

दोडामार्ग किंवा बांद्याच्या रुग्णाला गंभीर आजारात जसे बांबोळी जवळचे वाटते, तसे मोहगावच्या रुग्णाला नागपूर. मध्यप्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात वसलेले हे गाव अर्धनारीश्वराच्या मंदिरासाठी पंचक्रोशीत ओळखले जाते. संत्री आणि कापूस ही या भागाची पिके, आणि घरातली बोली मराठी. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा सारा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. कागदोपत्री राजधानी भोपाळ. परंतु स्तनात गाठ हाताला लागली, तोंडातली जखम महिनाभर भरून आली नाही किंवा घास गिळताना अडू लागला, की सौंसर, सावनेर या मार्गाने नागपूर गाठायचे, हीच इथली रीत आहे. अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटरचे. वाटेत दोन राज्यांची सीमा लागते. एरवी ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि ही सीमा एकाएकी जाणवू लागली. प्रवासासाठी परवाना हवा, वाहन हवे, आणि पलीकडे पोहोचल्यावर रुग्णालयाचे दार उघडे असायला हवे. कर्करोगाच्या रुग्णांचे त्या काळात काय झाले, याची चर्चा बरीच झाली आहे. त्या दाराच्या आत बसलेल्या डॉक्टरांचे काय झाले, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. हा विषय डॉक्टरांच्या वर्तुळापुरता आहे, असा समज त्यामागे असावा. वास्तविक ज्या गावाचा कर्करोगतज्ज्ञ दुसऱ्या शहरात, किंबहुना दुसऱ्या राज्यात बसतो, त्या गावासाठी त्या एका तज्ज्ञाची प्रकृती, त्याची उमेद आणि तो त्या पदावर टिकून राहणे, हा उपचारांच्या उपलब्धतेचाच प्रश्न असतो.

रिकामी ओपीडी, भरलेले मन

आकडे प्रथम पाहावेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल कॅन्सर ग्रिड' या जाळ्यात देशभरातील कर्करोग केंद्रे सहभागी आहेत. त्यांतील ४१ केंद्रांनी १ मार्च ते ३१ मे २०२० या तीन महिन्यांची तुलना २०१९ मधील त्याच तीन महिन्यांशी केली. हा अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली होती. १ लाख १२ हजारांच्या जागी जेमतेम ५२ हजार नवे रुग्ण आले. फेरतपासणीच्या भेटी ४६ टक्क्यांनी, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी, बाह्यरुग्ण केमोथेरपी ३७ टक्क्यांनी आणि किरणोपचार २३ टक्क्यांनी कमी झाले. मोठ्या शहरांतील केंद्रांत ही घट अधिक ठळक होती.

रुग्ण निम्मे झाले म्हणजे डॉक्टरांवरचा भार निम्मा झाला, असा निष्कर्ष कुणी काढील. प्रत्यक्षात उलटे घडले. जे ६० हजार रुग्ण त्या तीन महिन्यांत रुग्णालयात पोहोचलेच नाहीत, त्यांचा कर्करोग थांबलेला नव्हता. तो वाढत होता, आणि हे सर्वांत नेमके कुणाला ठाऊक असेल तर ते कर्करोगतज्ज्ञालाच. चार आठवड्यांच्या विलंबाने काय बिघडते, याचा हिशेब २०२० मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता. शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली, तर मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. मोहगावहून न आलेल्या रुग्णाची फाइल ज्याच्या टेबलावर पडून होती, त्या डॉक्टरला ही टक्केवारी केवळ शास्त्रीय माहिती म्हणून वाचता येणे शक्य नव्हते.

दोन्ही बाजूंनी धोका

कर्करोगाचे बरेचसे उपचार रोगप्रतिकारशक्ती कमी करतात. केमोथेरपीनंतर काही दिवस पांढऱ्या पेशी घटतात, आणि एरवी किरकोळ ठरणारा संसर्गही जिवावर बेततो. अशा रुग्णाला संसर्गाच्या ऐन भरात रुग्णालयात बोलवावे की घरीच थांबवावे, हा प्रश्न २०२० च्या उन्हाळ्यात प्रत्येक कर्करोगतज्ज्ञासमोर दररोज उभा होता.

निर्णयासाठी हाताशी असलेला पुरावा किती तुटपुंजा होता, हे एका उदाहरणावरून कळते. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधील १,५९० कोविडबाधितांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत कर्करोग झालेले अवघे १८ जण होते. त्या १८ जणांत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ३९ टक्के, तर इतरांत ८ टक्के आढळले. एवढ्या लहान संख्येवर आधारलेले हे निरीक्षण जगभर पसरले आणि अनेक ठिकाणी उपचार पुढे ढकलण्यास कारण झाले. मे महिन्यात २४ देशांतील १,१२८ शस्त्रक्रियांची माहिती पुढे आली. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविडची लागण झालेल्या या रुग्णांपैकी सुमारे २४ टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले होते. म्हणजे शस्त्रक्रिया केली तर संसर्गाची भीती, न केली तर रोग हाताबाहेर जाण्याची.

एरवी वैद्यकीय निर्णय अनुभव, संशोधन आणि सहकाऱ्यांचा सल्ला या तीन आधारांवर उभा असतो. कर्करोगाच्या क्षेत्रात तर शल्यविशारद, औषधोपचारतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ एकत्र बसून उपचाराची दिशा ठरवतात. या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. महामारीच्या आरंभी अनुभव निरुपयोगी ठरला, संशोधन अपुरे होते आणि एकत्र बसणेच धोक्याचे झाले होते. जबाबदारी तेवढी होती तशीच राहिली.

जे करणे योग्य आहे हे माणसाला कळते, पण परिस्थिती ते करू देत नाही, तेव्हा होणाऱ्या घालमेलीला अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये 'नैतिक क्लेश' असे नाव दिले. परिचारिकांच्या कामाचा विचार करताना त्यांनी ही संकल्पना मांडली होती. महामारीने ती सर्व आरोग्यसेवकांच्या वाट्याला आणली. कर्करोगतज्ज्ञांच्या बाबतीत तिचे रूप विशेष बोचरे होते, कारण त्यांच्या हातून टळलेल्या उपचारांचा परिणाम त्याच आठवड्यात दिसत नाही. तो सहा महिन्यांनी, वर्षाने, पुढच्या अवस्थेतील रोग घेऊन समोर येऊन बसतो.

बर्नआऊट म्हणजे नेमके काय?

'बर्नआऊट' हा शब्द हल्ली कोणत्याही थकव्यासाठी वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची व्याख्या स्पष्ट केली. कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण योग्य रीतीने हाताळला न गेल्याने उद्भवणारी ही स्थिती आहे. तिची तीन अंगे आहेत. पहिले, शक्ती पार आटून गेल्याची जाणीव. दुसरे, कामापासून मनाने दूर जाणे, त्याविषयी कडवटपणा किंवा अलिप्तता वाटणे. तिसरे, आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. संघटनेने तिला रोग म्हटलेले नाही. ती व्यवसायाशी निगडित घटना मानली आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. रोग व्यक्तीच्या शरीरात असतो. ही स्थिती मात्र व्यक्ती आणि तिचे काम यांच्या संबंधातून जन्माला येते. म्हणून तिच्यावरचा उपायही केवळ व्यक्तीत शोधून चालत नाही.

दुसरे अंग रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत हानिकारक ठरते. कर्करोगाची बातमी सांगताना डॉक्टरला शब्द तोलावे लागतात, थांबावे लागते, नातेवाइकांच्या तोंडून तोच प्रश्न चारदा ऐकून घ्यावा लागतो. मनाने दूर गेलेला डॉक्टर औषधांचा हिशेब बरोबर मांडू शकतो. हे थांबणे मात्र त्याला जमत नाही. सीमेपलीकडून पहाटे निघालेल्या, शहराची भीती बाळगणाऱ्या रुग्णाला त्या पाच मिनिटांचीच सर्वाधिक गरज असते.

युरोपातील कर्करोगतज्ज्ञांच्या 'एस्मो' या संस्थेने महामारीच्या काळात या विषयावर सलग सर्वेक्षणे केली. एप्रिल-मे २०२० मधील पहिल्या सर्वेक्षणात १०१ देशांतील १,५२० जणांनी भाग घेतला. त्यांपैकी ३८ टक्के लोकांनी बर्नआऊट जाणवत असल्याचे सांगितले आणि २५ टक्के लोक मानसिक क्लेशाच्या धोक्याच्या पातळीवर आढळले. सुमारे दोन-तृतीयांश लोकांना आपण पूर्वीसारखे काम करू शकत नाही असे वाटत होते. जुलै-ऑगस्टमध्ये दुसरे सर्वेक्षण झाले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट समोर आली. काम पूर्वीसारखे करता येऊ लागले, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते. पण बर्नआऊट जाणवणाऱ्यांचे प्रमाणही वाढून ४९ टक्क्यांवर गेले होते.

या विसंगतीत सबंध प्रश्नाचे मर्म आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ओपीडी पुन्हा चालू झालेली दिसते, शस्त्रक्रियांची यादी भरलेली दिसते, आणि सारे सुरळीत झाले असा समज होतो. परंतु ते सुरळीत करण्यासाठी लागलेली शक्ती माणसांच्या साठ्यातूनच खर्च झालेली असते. रुग्णालयाची कामगिरी मोजणारे तक्ते ही घट दाखवत नाहीत. ती दिसते ती पुढे, एखाद्या राजीनाम्याच्या रूपाने.

दुसरी लाट आणि उरलेली कामे

विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मध्यप्रदेशातील पट्ट्यात दुसऱ्या लाटेने सर्वाधिक कहर केला. नागपुरात १५ ते २१ मार्च २०२१ या काळात पुन्हा टाळेबंदी लावावी लागली. त्याच महिन्यात मध्यप्रदेश सरकारने महाराष्ट्राकडे ये-जा करणाऱ्या बसगाड्या थांबवल्या. संसर्ग रोखण्यासाठी हा निर्णय समजण्यासारखा होता. तरीही सौंसर-मोहगावच्या ज्या रुग्णाची दर तीन आठवड्यांनी केमोची तारीख असते, त्याच्यासाठी बस बंद होणे म्हणजे उपचारात खंड पडण्याचीच टांगती तलवार होती. खाजगी गाडीचे भाडे प्रत्येक खेपेला परवडणारे कुटुंब विरळाच.

नागपुरातील 'मेडिकल' आणि 'मेयो' ही दोन्ही मोठी सरकारी रुग्णालये त्या काळात कोविडच्या रुग्णांनी भरून गेली होती. महामारीत अशा सर्वसाधारण रुग्णालयांतून निवासी डॉक्टरांना, परिचारिकांना आणि भूलतज्ज्ञांना कोविड कक्षांत हलवावे लागणे देशभर अपरिहार्य ठरले. कर्करोगाची शस्त्रक्रिया शल्यविशारद एकटा करत नाही. भूलतज्ज्ञ नसेल, अतिदक्षता विभागात खाट नसेल, रक्तपेढीत रक्तदाते येत नसतील, तर कितीही कुशल हात रिकामेच राहतात. नागपुरातील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था यांसारख्या खास कर्करोगासाठी असलेल्या संस्था अशा वेळी किती मोलाच्या असतात, हे या काळाने अधोरेखित केले.

लाट ओसरली तशी थांबलेली माणसे येऊ लागली. जी गाठ २०२० मध्ये लिंबाएवढी असताना दाखवता आली असती, ती आता त्वचा फोडून बाहेर आलेली. तोंडाच्या कर्करोगात जबडा उघडेनासा झालेला. अशा रुग्णाला अधिक मोठी शस्त्रक्रिया, अधिक केमो, अधिक दिवस शेक, म्हणजे किरणोपचार लागतात आणि एवढे करूनही यशाची शक्यता कमी असते. एका रुग्णामागे लागणारा वेळ वाढतो, यश घटते, आणि 'थोडे आधी आला असता तर' हे वाक्य डॉक्टरच्या मनात दिवसातून अनेकदा उमटते. महामारीच्या पहिल्या वर्षी भीतीने थकवले, पुढच्या वर्षांत या वाक्याने.

यातच सहकाऱ्यांच्या मृत्यूचे दुःख मिसळले होते. भारतीय वैद्यक संघटनेच्या नोंदींनुसार पहिल्या लाटेत ७४८ डॉक्टर कोविडने दगावले. दुसऱ्या लाटेत त्या संख्येइतकेच आणखी बळी अवघ्या काही महिन्यांत गेले. आरोग्यसेवकांवर हल्ले होऊ लागल्याने २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा अध्यादेश काढून असे हल्ले अजामीनपात्र गुन्हा ठरवावे लागले. ज्या समाजाने थाळ्या वाजवून कृतज्ञता व्यक्त केली, त्याच समाजात डॉक्टरांना भाड्याचे घर सोडायला सांगितल्याच्या घटनाही घडल्या. या दोन्ही गोष्टींची स्मृती त्या पिढीच्या मनात एकत्र नांदते.

तज्ज्ञ घडण्याची साखळी

थकवा हा एक भाग झाला. मनुष्यबळाचा प्रश्न त्याहून दीर्घ पल्ल्याचा आहे. कर्करोगतज्ज्ञ घडायला किती काळ लागतो, हे मोजून पाहावे. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, त्यानंतर एमडी किंवा एमएसची तीन, आणि मग डीएम किंवा एमसीएच या अतिविशेष पदवीची आणखी तीन वर्षे. एकही वर्ष वाया न जाता साडेअकरा वर्षे होतात. किरणोपचाराच्या शाखेत एमडीनंतर तज्ज्ञ म्हणून काम करता येते, तरी तीही वाट लहान नाही.

महामारीने या साखळीच्या दोन कड्या खिळखिळ्या केल्या. पदव्युत्तर प्रवेशाची 'नीट-पीजी' परीक्षा १८ एप्रिल २०२१ रोजी होणार होती. ती ऐनवेळी स्थगित झाली, मे महिन्यात आणखी किमान चार महिने पुढे ढकलली गेली आणि अखेर ११ सप्टेंबरला पार पडली. तरुण एमबीबीएस डॉक्टर कोविड सेवेसाठी उपलब्ध राहावेत, हा त्यामागचा हेतू होता. पुढे आरक्षणाच्या निकषांवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि प्रत्यक्ष प्रवेशप्रक्रिया १२ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाली. अतिविशेष अभ्यासक्रमांची 'नीट-एसएस' परीक्षाही लांबून १० जानेवारी २०२२ रोजी झाली.

एरवी शिकवणाऱ्या रुग्णालयात निवासी डॉक्टरांच्या तीन तुकड्या एकाच वेळी काम करतात. नवी तुकडी अनेक महिने आलीच नाही, म्हणजे तिघांचे काम दोघांनी केले. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीत निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, त्याचे मूळ याच ताणात होते. कोविड कक्षात वर्ष काढलेल्या विद्यार्थ्याच्या हातून त्या काळात मूळ विषयाच्या शस्त्रक्रिया आणि उपचार कमी झाले, ही उणीव वेगळीच. ती भरून काढण्याची जबाबदारी पुन्हा वरिष्ठ डॉक्टरांवर आली.

दुसऱ्या टोकाला, अनुभवी माणसे गळण्याचा धोका आहे. एस्मोच्या फेब्रुवारी-मार्च २०२१ मधील तिसऱ्या सर्वेक्षणात सुमारे २५ टक्के जणांनी आपल्या कारकिर्दीची दिशा बदलण्याचा विचार करत असल्याचे सांगितले. अशा लोकांपैकी ३८ टक्के तर व्यवसायच सोडण्याच्या विचारात होते. विचार करणारा प्रत्येक जण व्यवसाय सोडतो असे नाही. तथापि भारतासारख्या देशात, जिथे २०२० मध्ये कर्करोगाचे १३ लाखांहून अधिक नवे रुग्ण असल्याचा अंदाज होता आणि तज्ज्ञ मुख्यतः महानगरांत एकवटले आहेत, तिथे मध्यम शहरातील एक तज्ज्ञ निघून गेला, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी तालुक्यांचा रस्ता एका दिवसात लांबतो. नागपूरचे दार अरुंद झाले, तर मोहगावच्या रुग्णापुढे भोपाळ किंवा मुंबई उरते.

काय उपयोगी पडले?

या अंधारात काही गोष्टी योग्यही घडल्या, आणि त्यांतून शिकण्यासारखे आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने शस्त्रक्रिया थांबवल्या नाहीत. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तिथे ४९४ नियोजित कर्करोग शस्त्रक्रिया झाल्या. सहा रुग्णांना नंतर कोविड झाल्याचे आढळले, आणि शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. हा अनुभव प्रसिद्ध झाल्यावर अन्य केंद्रांतील डॉक्टरांना निर्णय घेण्यासाठी आधार मिळाला. नैतिक क्लेशावर विश्वासार्ह माहितीइतके प्रभावी औषध क्वचितच असते.

किरणोपचारांत कमी दिवसांत उपचार पूर्ण करण्याच्या पद्धतीला वेग आला. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील 'फास्ट-फॉरवर्ड' या चाचणीचे निष्कर्ष आले. स्तनाच्या कर्करोगात निवडक रुग्णांना तीन आठवड्यांऐवजी एका आठवड्यात, पाच बैठकांत किरणोपचार देता येतो, असे त्यातून दिसले. शहरात खोली घेऊन तीन आठवडे राहावे लागणाऱ्या ग्रामीण कुटुंबासाठी याचा अर्थ किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको. यंत्रावरचा आणि ते चालवणाऱ्या तंत्रज्ञांवरचा भारही त्यामुळे हलका होतो.

२५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली आणि फोनवरून सल्ला देण्याला अधिकृत चौकट लाभली. फेरतपासणीच्या अनेक खेपा त्यामुळे वाचल्या. याला दुसरी बाजूही आहे. ओपीडी संपल्यावरही डॉक्टरचा फोन वाजतच राहिला. रोग परतल्याची बातमी समोरच्याचा चेहरा न पाहता सांगण्याची वेळ आली. तंत्रज्ञानाने अंतर कमी केले, पण कामाचे तास मोजणे सोडून दिले, तर तेच नव्या थकव्याचे कारण होते.

मध्यप्रदेशाने गेल्या दशकातच आणखी एक वाट दाखवली होती. जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टर आणि परिचारिकांना प्रशिक्षण देऊन, तज्ज्ञाने आखून दिलेली केमोथेरपी रुग्णाच्या जवळच द्यायची, हा उपक्रम उज्जैनपासून सुरू झाला. कर्करोगतज्ज्ञ डॉ. दिनेश पेंढारकर यांचा त्यात पुढाकार होता. निदान आणि उपचारांची आखणी मोठ्या केंद्रात, पुढची इंजेक्शने जिल्ह्यात, अशी ही विभागणी आहे. रस्ते बंद झाले की असे विकेंद्रित जाळेच रुग्णाला तारते, आणि मोठ्या केंद्रातील डॉक्टरच्या टेबलावरची गर्दीही कमी करते.

योगवर्गापलीकडचे उपाय

महामारीनंतर बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांसाठी ध्यानधारणेची शिबिरे आणि तणावमुक्तीची व्याख्याने झाली. ती वाईट नाहीत. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, आणि गरज पडल्यास आरोग्यसेवकांनीही ती निःसंकोच वापरावी. परंतु छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर डॉक्टरला ध्यानाच्या वर्गात बसवणे हे दुखण्याला सोडून भलत्याच जागी लेप लावण्यासारखे आहे.

कामाच्या तासांचा नियम जुनाच आहे. निवासी डॉक्टरांनी सर्वसाधारणपणे सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्यात ४८ तासांपेक्षा अधिक काम करू नये, असे केंद्र सरकारने १९९२ मध्ये सांगितले होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक दिवस सुट्टी सुचवली. बत्तीस वर्षांत अपेक्षा खाली आली, यावरूनच प्रत्यक्ष स्थितीची कल्पना येते. नियम पाळायचा तर माणसे हवीत. रिक्त पदे भरण्यावाचून त्याला पर्याय नाही.

दुसरा उपाय कामाच्या वाटणीचा आहे. कर्करोगतज्ज्ञाचा बराच वेळ विमा योजनेच्या मंजुऱ्या, प्रमाणपत्रे आणि कागदपत्रांत जातो. आयुष्मान योजनेचा रुग्ण दुसऱ्या राज्यातून आला असेल, तर नातेवाइकांचे प्रश्न आणखी वाढतात. हे काम प्रशिक्षित समन्वयकाकडे, समुपदेशन समाजसेवकाकडे आणि वेदनाशमन परिचारिकांच्या पथकाकडे सोपवता येते. तिसरा उपाय, पुढच्या साथीची आगाऊ योजना. कोणती रुग्णालये साथीसाठी आणि कोणती कर्करोगासाठी राखायची, सीमेवर उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला कोणता कागद पुरेल, हे शांततेच्या काळातच दोन राज्यांनी मिळून ठरवायला हवे.

गोव्याला हा प्रश्न दोन्ही बाजूंनी लागू आहे. काणकोण किंवा सत्तरीच्या रुग्णासाठी बांबोळी हेच नागपूर. सिंधुदुर्गाच्या रुग्णासाठीही तेच. आणि बांबोळीत जे मिळत नाही, त्यासाठी गोमंतकीय रुग्ण मुंबईची वा बेळगावची वाट धरतो. एकाच मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयावर विसंबलेल्या लहान राज्यात तज्ज्ञांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी असते. त्यांतला एक जरी आजारी पडला, थकला वा निघून गेला, तरी प्रतीक्षायादीत ते लगेच दिसते.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांमध्ये कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यांतील २०० केंद्रे पहिल्याच वर्षी अपेक्षित होती. पांढुर्ण्यासारख्या नव्या जिल्ह्यात असे केंद्र नीट चालले, तर मोहगावच्या रुग्णाच्या केमोच्या खेपांपैकी कित्येक खेपा सीमेच्या अलीकडेच संपतील आणि नागपूरच्या ओपीडीतील तेवढ्याच जागा नव्या रुग्णासाठी मोकळ्या होतील. मात्र खाटा, सलाइनचे स्टँड आणि फलक एवढ्याने केंद्र चालत नाही. केमोचे औषध मिसळू शकणारी परिचारिका, ताप आल्यावर रात्री निर्णय घेणारा डॉक्टर आणि फोनवर उत्तर द्यायला पुरेसा विश्रांत असलेला नागपूरचा तज्ज्ञ, ही तीन माणसे त्यामागे लागतात. केंद्रांची मोजदाद होईल, तेव्हा या तिघांचीही व्हायला हवी.